सकाळी नऊ वाजताची रात्र

सुमनताईंच्या घरात उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजता रात्र व्हायची. नऊ वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दारावर ओली चादर आणि घरातले सगळे दिवे घालवलेले. बाहेर अकोल्याचं ऊन रस्त्यावर उतरलेलं असायचं आणि आत समोरच्याचं तोंड दिसायचं नाही. नवी सून म्हणून पहिल्या उन्हाळ्यात मी त्या घरी राहायला गेले, तेव्हा या अंधारात भाऊजींच्या पायावर पाय दिला होता. "सवय होईल," एवढंच ते म्हणाले. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास येत होता आणि कुठल्या तरी कोपऱ्यातून ताईंचा आवाज आला, "नवाच्या आत झालं ते आपलं. मंग जे राह्यलं ते उन्हाचं."

सुमनताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माझी मुलं त्यांना मोठ्याई म्हणतात. त्यांचं माहेर तेल्हाऱ्याचं. आईवडील दिवसभर शेतात आणि घरात पाच भावंडं, त्यामुळे मुलांना कामाला कसं लावायचं हे त्या स्वतः मूल असतानाच शिकल्या. आता भाऊजी निवृत्त झाले, अकोल्याचं घर भाड्यानं दिलं आणि दोघं मुलाकडे पुण्याला गेले. यंदाच्या उन्हाळ्यात माझी दोन्ही मुलं अमरावतीला माझ्यापाशी आहेत. शिलाईच्या टेबलाखाली धाकटा ओम खेळण्यातली गाडी चालवतोय आणि मोठ्या गार्गीनं दुपारपासून टीव्ही बंद केलेला नाही. अशा वेळी ताईंची आठवण येते आणि आठवणीबरोबर दुसरंही बरंच काही येतं.

माझं काम लग्नाच्या ब्लाउजांचं. सगळ्या जगाच्या मुलांना सुट्ट्या लागतात तेव्हाच सगळ्या जगाची लग्नंही लागतात, हा माझ्या धंद्याचा जुना वैताग आहे. एप्रिल उजाडला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अस्तर, काठ, मापाचे ब्लाउज, आणि "ताई, परवा हळद आहे हो" म्हणत दारात उभ्या असलेल्या नवऱ्या मुली. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, औषध कंपनीच्या कामानं आज धामणगाव तर उद्या नांदगाव. गार्गी चौथीत गेली आणि ओम बालवाडीत, त्या वर्षी मी एकदा ओमला जेवायला द्यायचं साफ विसरले. तो दुपारी चारला येऊन म्हणाला, "आई, आज उपास आहे का?" हे मी हसत हसत ताईंना फोनवर सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं त्या अमरावतीला आल्या आणि मुलांच्या पिशव्या भरू लागल्या.

तेव्हापासून मुलांचा मे महिना अकोल्याचा झाला. ताईंची पद्धत अशी की मूल घरात आलं, पाणी प्यालं, की त्याला एक काम मिळायचं. एकच, पण ते जूनपर्यंत त्याचं. ओमला कूलरची टाकी मिळाली. गल्लीतली दोन-चार मुलंही सकाळपासून तिथंच असायची, त्यांनाही लसूण सोलणं, चिंचेतले चिंचोके काढणं असं काही ना काही असायचं. अंधारात बसून हे सगळं चालायचं. "हात चालला का तोंडबी चालू द्या," असं त्या म्हणायच्या, आणि मुलांची तोंडं अशी चालायची की शेजारचे लोक भिंतीवर टकटक करायचे.

एके दिवशी ओम टाकी भरायला विसरला. दुपारी कूलर गरम हवा फेकू लागला. भाऊजी उठले, तर ताईंनी त्यांना खाली बसवलं. सगळं घर घामानं निथळत बसून राहिलं, ओमलाही कुणी काही बोललं नाही. शेवटी तो स्वतःच उठला आणि रडत रडत पाइप लावायला गेला. हे ऐकून मला ताईंचा जरा रागच आला होता. सहा वर्षांचं पोर ते. मी तसं म्हटलंही. तेव्हा ताई म्हणाल्या, "ज्याचं काम त्याचं, रेखा. मीच कराले लागली तं त्याचं काय राह्यलं?" त्यानंतर ओम कधी विसरला नाही. अमरावतीला परत आल्यावरही तो कूलरपाशी जाऊन टाकीत बोट घालून पाहायचा.

गार्गीला मिळाली राखण. ताई उन्हाळ्यात कुरडया घालायच्या. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून तो पहाटे शिजवायचा आणि सोऱ्यानं गच्चीवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर पाडायचा. चीक तयार झाला की कामाला थांबता येत नाही, तो आंबतो. गरम चिकात साखर घालून मुलांना वाटीवाटी मिळायचा, त्या लोभानं मुलं अंधारातच उठून बसायची. मग उजाडलं की गच्चीवर वानरं यायची. वानरांना कुरडया भारी आवडतात. आधीच्या वर्षी राखणीला बसवलेली मुलं मध्येच खेळायला पळाली होती आणि वानरांनी सगळं वाळवण तुडवून ठेवलं होतं. म्हणून ताईंनी गार्गीला निवडलं. हातात काठी दिली आणि नियम सांगितला, "मी हाक देईन तवा खाली येजो. हाक आल्याबिगर जागा सोडाची नाई." साडेआठच्या सुमाराला ताई हाक मारायच्या, गार्गी खाली यायची, कुरडया उन्हाच्या हवाली व्हायच्या, कारण त्या वेळेनंतर वानरंही सावली धरायची. गार्गीला या कामाचा केवढा अभिमान. फोनवर मला सांगायची, "आई, मोठ्याई म्हणते, गार्गी असली की गच्चीकडे पाहायलाच नको."

आणि मी? मुलं गाडीत बसून अकोल्याला गेली की मला हायसं वाटायचं. नुसतं बरं नाही, अगदी आतून मोकळं वाटायचं. रिकाम्या घरात मी कात्री चालवायची, कुणी "आई" म्हणून हाक मारत नाही याचं सुख अनुभवायची आणि संध्याकाळी त्याच सुखाची लाज वाटून मुलांना फोन करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमचं बरं आहे, मुलं सांभाळायला माणसं आहेत." मी मान डोलवायची आणि त्यांच्या मापाची टेप जरा जास्तच घट्ट ओढायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी आठ-सव्वाआठ झाले असतील. धामणगावच्या एका नवरीचा ब्लाउज बसला नाही म्हणून तिची आई दुकान उघडायच्या आधीच घरी आली आणि नको नको ते बोलून गेली. मी रडतच ताईंना फोन लावला. ताई स्वयंपाकघरात होत्या. माझा आवाज ऐकून त्या आतल्या खोलीत गेल्या, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं आणि मला बोलू दिलं. मी खूप बोलले. ब्लाउजचं बोलले, प्रकाशचं बोलले, माझ्या पाठदुखीचं बोलले. ताई मध्ये मध्ये "हो व माय, हो" म्हणत होत्या. इतक्या वेळात मी मुलांची चौकशी एकदाही केली नाही.

तिकडे नऊ वाजले. भाऊजींनी रोजच्यासारख्या खिडक्या लावल्या, ओली चादर टांगली, दिवे घालवले. मुलं अंधारात लसूण घेऊन बसली. त्या अंधारात कोण आहे आणि कोण नाही हे कुणालाच दिसलं नाही. दहा वाजून गेल्यावर ताई फोन ठेवून बाहेर आल्या, तेव्हा घर नेहमीसारखंच गार आणि काळोखं होतं. त्यांनी सहज म्हटलं, "गार्गे, पानी दे व मले." कुणी ओ दिली नाही.

गार्गी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. सावली आखडत गेली तशी तीही आखडत गेली होती. ओठ सुकलेले, चेहरा लालभडक, हातात काठी. ताईंनी तिला उचलून खाली आणलं तोवर तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. प्रकाश त्या दिवशी कामानं तेल्हाऱ्यालाच गेला होता, तो माझ्याआधी पोचला. मी अमरावतीहून मिळेल त्या गाडीनं निघाले. अंगावरच्या कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते, ते मी सगळ्या वाटेनं एकेक करून वेचत होते, कारण हातांना दुसरं काय करायचं हे कळत नव्हतं.

दवाखान्यात गेले तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आत जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. त्यांच्या बोटांवर सकाळचा चीक वाळून पापडासारखा झाला होता. गार्गीला सलाइन लावलेलं होतं, डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वेळेवर आणली. मी तिच्या उशाशी बसले आणि विचारलं, "बाळा, इतकं ऊन लागत होतं तर खाली का नाही आलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "मोठ्याईनं हाक नव्हती मारली." तक्रार म्हणून नव्हे. काम नीट केलं हे सांगावं तसं म्हणाली. दार उघडंच होतं. बाकावरच्या ताईंनी पदर तोंडावर घेतला.

मी बाहेर येऊन म्हटलं, "ताई, तुमची चूक नाही हो." फार लवकर म्हटलं मी ते. माफी दिल्यासारखं झालं, आणि माफी देणारी मी कोण? फोन माझा होता. ताई म्हणाल्या, "तू फोन केला तं मले बरं वाटलं होतं. कोनी आपल्याले दुःख सांगते म्हनून बरं वाटलं."

गार्गी चार दिवसांत उड्या मारायला लागली. ताई मात्र उठल्या नाहीत, म्हणजे चालत-फिरत होत्या, स्वयंपाक करत होत्या, पण त्यांच्या आतलं ते नऊच्या आतलं घर बंद पडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना बोलावलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माह्याच्यानं आता होत नाई." कुरडया घातल्या नाहीत. भाऊजींचा फोन आला होता, माणूस कधी तक्रार करत नाही, पण त्या दिवशी म्हणाले, "ही दिवसभर खिडक्या उघड्या ठेवते. अंधार करू देत नाही. घर नुसतं भट्टी झालं आहे." अकोल्याच्या मे महिन्यात, भर दुपारी, उघड्या खिडक्यांच्या घरात ताई बसलेल्या असायच्या, घरातला प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे म्हणून.

मी अमरावतीला ताईंची नक्कल करून पाहिली. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, मुलांना कामं वाटून दिली, नऊला पडदे ओढले. सव्वानऊला दारावर बेल वाजली आणि गिऱ्हाइकाला ब्लाउजचा रंग दिसावा म्हणून मीच पडदे उघडले. ओम मोबाइल घेऊन पलंगाखाली जाऊ लागला. गार्गी वेगळीच झाली. जेवणावरून उठायलाही विचारू लागली, "उठू का?" एकदा मी हुक लावत होते तेव्हा ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझ्यामुळे मोठ्याईच्या कुरडया बंद झाल्या का? ती रागावली आहे का माझ्यावर?"

मी ताईंना दोषी समजत नव्हते, ताई मला दोषी समजत नव्हत्या, आणि आम्ही दोघी मोठ्या बायांनी आपापला दोष जपत बसल्यामुळे तो सगळ्यांत लहान खांद्यावर जाऊन पडला होता. ते वर्ष असंच गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, मी दुकान बंद करून दोन्ही मुलांना घेऊन अकोल्याला गेले. ताईंना समजवायला जातेय की मुलं त्यांच्यापाशी ठेवायची सोय करायला जातेय, हे गाडीत मला स्वतःलाच नक्की सांगता येत नव्हतं. खरं म्हणजे दोन्ही होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं. गार्गीनं विचारलेला प्रश्नही सांगितला आणि मुलं इथं आली की मला किती मोकळं वाटायचं तेही सांगून टाकलं. म्हटलं, "ताई, आई असून मला असं वाटायचं. त्याचीच शिक्षा असेल."

ताई म्हणाल्या, "शिक्षा कायची? जून लागला अन् तुहे पोट्टे गाडीत बसले का मी घरात येऊन पाय पसरून झोपो. तुह्या भाऊजींले चहा नाई का पानी नाई." त्या हसल्या नाहीत, मीही नाही, पण आम्ही दोघी एकदमच हलक्या झालो.

मग त्यांनी गार्गीला हाक मारली. ती आली आणि उभी राहिली, पाय जुळवून. ताईंनी तिला मांडीवर बसवलं, एवढी मोठी झाली तरी. म्हणाल्या, "तू काईच चुकलं नाई, गार्गे. मी चुकली. लेकराले उन्हात बसवून आपल्या हाकेवर ठेवाले नाई पाह्यजे, हे मले कळालं नाई. आता एक ध्यानात ठेवजो. आंगाले ऊन लागलं का उठाचं. मी सांगतलं असन, तुह्या मायनं सांगतलं असन, कोनंबी. आमची हाक येवो का नोको येवो."

गार्गीनं विचारलं, "आणि कुरडया?"

"कुरडया गेल्या वानराच्या पोटात," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा कुरडयांचे गहू निवडायला काढले. ते भिजायला दिवस लागतात, म्हणून मी तीन-चार दिवस राहिले. ज्या पहाटे चीक शिजला त्या दिवशी मला पहिल्या गाडीनं निघायचंच होतं, एका नवरीची हळद दुसऱ्या दिवशी होती. मुलं ठेवून जा, असं ताईच म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला. गच्चीवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी आणि त्यांच्या कडेला काठी घेऊन बसलेली गार्गी, हे मी जिन्यातून पाहिलं आणि निघाले. त्या सकाळी गाडीत मला मोकळं वाटलं नाही. सगळ्या वाटेनं मी खिडकीतून ऊन किती चढलं तेच पाहत होते.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि ताईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही, इतका तो वर चढला होता. "रेखा, पोट्टी उतरली व खाली. म्या हाक देल्ली नोयती, मी जिन्यापाशीच उभी होती, तोंडात हाक आली होती. तिनं काठी टाकली अन् आली. म्हने, मोठ्याई, मले ऊन लागून राह्यलं." मागून भाऊजींचं हसणं ऐकू आलं आणि गच्चीवरची धडधड. ताई म्हणाल्या, वानरं आली आहेत, चांगली पाच-सहा आहेत, पहिली ओळ तर गेलीच. वर्षाच्या कुरडया जात होत्या आणि एखादं पोर वर्गात पहिलं आल्याचं कौतुक सांगावं तशी ती बाई मला सांगत होती. तासाभरात तिनं ते तेल्हाऱ्यालाही सांगितलं आणि पुण्यालाही सांगितलं, हे मला मागाहून कळलं.

माझे डोळे भरून आले. गाडीतल्या शेजारच्या बाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मला ताईंशी खूप बोलायचं होतं. घशापर्यंत आलेलं सगळं सांगायचं होतं, आणि त्याही ऐकायला तयार होत्या, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण मी म्हटलं, "ताई, पोरं कुठं आहेत?"

त्या म्हणाल्या, "हे काय, माह्याजोळ. दोघायचेबी हात धरून हाये."

"मग फोन ठेवा," मी म्हटलं, आणि त्यांनी ठेवला.